कीर्द, खतावणी आणि ओरखडा

आमच्या धंद्यात खोडरबर चालत नाही. मसाल्याच्या धंद्यात नव्हे, हिशेबाच्या. कीर्दीत चूक झाली तर तिच्यावरून एक सरळ रेघ ओढायची, तीही अशी की खालचा चुकलेला आकडा वाचता यावा. वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही करायची, तारीख टाकायची. मला हे शिकवणारे जुने मेहताजी मस्जिद बंदरचे होते. ब्लेडने खरवडलेलं पान दिसलं की ते आधी कानाखाली वाजवायचे आणि मग कारण विचारायचे. व्हाइटनर पहिल्यांदा आमच्या पेढीत आला तेव्हा ती बाटली त्यांनी मेलेलं झुरळ उचलावं तशी दोन बोटांत धरून गाळ्याबाहेर नेऊन टाकली होती.

एकतीस वर्षं मी हा नियम पाळला. गेल्या एप्रिलात आठ दिवसांसाठी मोडला, आणि तोही कागदावर नाही, एका गोल्फच्या काठीवर.

तुर्भे आणि गोल्फ हे दोन शब्द एका वाक्यात आले की ऐकणारा एकदा माझ्या तोंडाकडे बघतो. बरोबर आहे. तुर्भ्यात कांदा आहे, बटाटा आहे, ठाणे-बेलापूर रस्ता आहे, एमआयडीसी आहे, दगडखाणींनी चावे घेतलेला डोंगर आहे. हिरवळ म्हणाल तर भाजी मार्केटमध्ये, तीसुद्धा पहाटे, जुड्या बांधलेली. मी तुर्भ्यातच राहतो आणि इथल्याच मसाला मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहितो. मुंबईची माणसं याला ‘वाशी मार्केट’ म्हणतात. ट्रक आमच्या दारात, मिरचीचा ठसका आमच्या नाकात, आणि नाव वाशीचं. असो. नव्वदच्या दशकात मस्जिद बंदरचा मसाल्याचा बाजार खाडी ओलांडून इकडे आला, त्याच्याबरोबर जिऱ्याच्या पोत्यांतून मीही आलो असं म्हणायला हरकत नाही. आडनावाने मी कोकणस्थ, गावाने चिपळूणकडचा, पण बाजारात हिशेब लिहिणारा तो मेहताजी. गेल्या तीस वर्षांत मला माझ्या नावाने फक्त बँकेने हाक मारली आहे.

गोल्फ आणलं ते आमच्या धाकट्या शेठनी. मोठे शेठ अजून गादीवर मांडी घालून बसतात. धाकटे परदेशात शिकून आले आणि येताना सवय घेऊन आले. सिडकोने २०१२ साली खारघरच्या डोंगराखाली गोल्फचं मैदान सुरू केलं, तिथे ते रविवारी पहाटे जातात. एकदा जीएसटीच्या कागदांवर सह्या घ्यायला मला तिथे जावं लागलं. सह्या झाल्यावर त्यांनी मला लिंबूसरबत पाजलं, आणि माझ्या अंगात आलं. खेळ येत नसला की माणूस इतिहास सांगतो. मी सांगितलं, की कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९चा, ब्रिटनबाहेरचा जगातला सर्वांत जुना. आपल्या चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७चा. अनिर्बन लाहिरी जन्माने पुण्याचा. टोकियो ऑलिंपिकला उदयन माने खेळला, मराठी माणूस! हे सगळं मी आदल्या रात्री मोबाईलवर वाचलं होतं. धाकटे शेठ थक्क झाले. “काका, तुम्हाला एवढं माहीत आहे?” मी नम्रपणे सरबताचा बर्फ चावला.

त्या बर्फाची किंमत एप्रिलात चुकवावी लागली. मार्चअखेर संपली होती, धाकटे शेठ मिरी आणि दालचिनीच्या सौद्यासाठी आठ दिवस व्हिएतनामला निघाले होते. जाता जाता केबिनमधून म्हणाले, “काका, ड्रायव्हर घेऊन जा आणि त्याची ग्रिप बदलून आणा. तुम्हाला समजतं त्यातलं.”

मी खाली गेलो आणि त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरला वर घेऊन आलो.

त्या बिचाऱ्याने दोन्ही हात पुढे करून दाखवले. शेठ मला काही बोलले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातल्या पिशवीतून सगळ्यांत लांब काठी काढली आणि माझ्या हातात दिली. तिच्या डोक्यावर लोकरीचं टोपरं होतं, बारशाला घालतात तसं, वर गोंडासुद्धा. ही काठी म्हणजे ड्रायव्हर. पहिला, लांबचा टोला हिने मारायचा. त्यांनी टोपरं काढून दाखवलं. आत वाटोळं, काळं कुळकुळीत, लाखेच्या बांगडीसारखं चकाकणारं डोकं. टायटॅनियमचं, आतून पोकळ. “चारशे साठ सीसी,” शेठ म्हणाले, “याच्या वर परवानगी नाही.” हा नियम २००४ पासूनचा. त्याच वर्षी ठाण्याहून तुर्भ्याला प्रवासी लोकल सुरू झाली. जगाने काठीचं डोकं किती मोठं असावं हे ठरवलं आणि रेल्वेने आमची दखल घेतली, दोन्ही एकदम.

ग्रिपचं दुकान मुंबईत, ते सोमवारनंतर उघडणार. गाळ्यात उंदीर. म्हणून मी काठी घरी नेली. वाटेत चौघांनी विचारलं. वॉचमनला ती पंख्याची जळमटं काढायची वाटली. रिक्षावाल्याला नळाच्या कामाची. एका माथाडी कामगाराने मात्र टोपरं वर करून आत डोकावून बघितलं, मग कमरेचा हूक काढून शेजारी धरला. पोती उचलायचा तो हूक, मूठ घामाने काळी पडलेली, टोक घासून घासून चांदीसारखं. “मेहताजी,” तो म्हणाला, “हे नवं दिसतंय. वापरत नाहीत वाटतं?” मी त्याला म्हटलं, हे किमती हत्यार आहे. तो म्हणाला, “मग तर वापरायला पाहिजे.”

ते वाक्य डोक्यात घेऊन मी घरी आलो, हे मी माझ्या बचावासाठी नोंदवून ठेवतो.

शनिवारची संध्याकाळ. बायको भाजीला गेलेली. मी काठी घेऊन गच्चीत गेलो. नुसती फिरवून बघायला. पण हातात बॅट आली की चेंडू लागतो, तसं झालं. माझ्या शर्टाच्या खिशात अक्रोड होता. आमच्या शेजारच्या गाळ्यात सुकामेवा असतो, तिथून नमुना म्हणून आलेला, काश्मिरी, जाड सालीचा. गोल्फचा चेंडू निदान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असावा लागतो, वजनाला फार तर ४५.९३ ग्रॅम. अक्रोड आकाराने अगदी तेवढाच दिसत होता. वजनात चेंडूच्या पासंगालाही पुरला नसता, पण तेवढा बारीक विचार हिशेबाच्या वेळी करायचा असतो.

चेंडू ठेवायला खुंटी लागते, तिला टी म्हणतात. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण घेतलं. ते बुटकं वाटलं म्हणून त्यावर दुसरं ठेवलं, मग तिसरं. त्यावर अक्रोड. शेठ रविवारी सांगत होते ते आठवलं: नजर खाली, डावा हात सरळ, कंबर फिरवायची. कंबर फिरवली. या गडबडीत डोळे मिटले गेले.

‘टक्’ असा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा झाकणं विखुरली होती. अक्रोड नव्हता. मी समोर बघितलं, सानपाड्याच्या दिशेने. तिथे काही नाही. मग वर बघितलं. अक्रोड पाण्याच्या टाकीच्या वर, आकाशात, स्वस्थ उभा होता. मग तो खाली आला, आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला साडीवर वाळत घातलेल्या कुरडयांमध्ये पडला.

झालं होतं असं, की तीन झाकणांमुळे अक्रोड फार उंच बसला आणि काठी त्याच्या खालून गेली. अक्रोड लागला तो काठीच्या तोंडाला नाही, टाळूला. त्या काळ्या कुळकुळीत टाळूवर आता करंगळीएवढा पांढरा ओरखडा होता, आणि त्याच्या बाजूला दोन लहान, त्याची मुलं असावीत तसे. गोल्फवाले याला ‘स्काय मार्क’ म्हणतात, हे पुढे कळलं. चेंडू आकाशात जातो म्हणून. नवशिक्याची काठी त्यावरून ओळखू येते म्हणे. माझी तर चेंडूही न लागता ओळखू आली.

कुरडया तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या होत्या. त्यांचे यजमान वर आले. ते पावण्याच्या एमआयडीसीत ब्लास्टिंगच्या कारखान्यात आहेत. भांडायला आलेले, पण काठी बघून धंद्यातलं कुतूहल जागं झालं. त्यांनी ओरखड्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. “वरचा क्लिअर कोट गेला, रंगही गेला. धातूला काही नाही.” मग हसायला लागले. “अहो, अक्रोडाच्या सालीचा भुसा आम्ही ब्लास्टिंगला वापरतो. पत्र्यावरचा जुना रंग काढायचा, पण खालच्या धातूला धक्का लावायचा नाही, त्याला हे उत्तम. तुम्ही बरोबर वस्तूने मारलंत.” जाताना म्हणाले, “राहू दे तसंच. टाळूवरच्या ओरखड्याने चेंडूला काय फरक पडणार? चेंडू तोंडाला लागतो.”

माणूस शहाणा होता. माझं ऐकायचं वय गेलं होतं.

रविवारी सकाळी टूथपेस्ट. मोबाईलच्या काचेवरचे ओरखडे टूथपेस्टने जातात असं आमच्या गाळ्यातला हमालाचा पोरगा सांगतो. मी जुन्या बनियनचा तुकडा घेतला आणि गोल गोल घासत बसलो. अर्ध्या तासाने ओरखडा तसाच होता, त्याच्याभोवती मात्र पुरणपोळीएवढा मंद, धुरकट डाग पडला होता. आधी फक्त ओरखडा होता, आता ओरखड्याला अंगण झालं.

मग मी मुलीकडे गेलो. ती कॉलेजला आहे, तिच्याकडे काळी नेलपॉलिश असते. “बाबा, तुम्हाला?” असं तिने ज्या आवाजात विचारलं तो आवाज मी लवकर विसरणार नाही. मोबाईलच्या रिचार्जवर तडजोड झाली. टूथपिकच्या टोकाने मी ओरखड्यात थेंब थेंब रंग भरला, श्वास रोखून, एखाद्या नवरीच्या हातावर मेंदी काढावी तसा. ट्यूबलाइटखाली ओरखडा दिसेनासा झाला. मी इतका खूश झालो की बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. ती काठी घेऊन बाल्कनीत गेली. तिथून म्हणाली, “अहो, हे वांगी आहे.”

उन्हात ते खरंच वांगी होतं. भरली वांगी करतात ना, त्या जातीचं, जांभळट, चकाकणारं. काळ्या माथ्यावर तीन वांगी.

वांगी काढायला नेलपॉलिश रिमूव्हर. ही माझी सगळ्यांत महाग चूक. त्यात असतं ॲसिटोन, आणि ॲसिटोनला नेलपॉलिश कुठली आणि कंपनीचा रंग कुठला हा फरक कळत नाही. कापूस फिरवला की वांगं गेलं, आणि त्याच्याबरोबर आजूबाजूची चमकही. कापसावर काळं उतरलं. जिथे अंगण होतं तिथे आता वावर झालं.

घाबरलेला माणूस थांबत नाही, तो पुढे जातो. मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. पॉलिश पेपर मागितला. “कितीचा?” दुकानदाराने विचारलं. मी विचार केला, नाजूक काम आहे, लहान आकडा बरा. एकशेवीसचा घेतला. इथे मला स्वतःची खरोखर लाज वाटते, कारण मी आयुष्यभर काजूची बिलं लिहिली आहेत. काजूत एकशेऐंशी नंबर म्हणजे मोठा दाणा आणि तीनशेवीस म्हणजे बारीक. आकडा एका पौंडात किती दाणे बसतात त्याचा. आकडा मोठा, दाणा लहान. पॉलिश पेपरचंही अगदी तेच. गाडीच्या रंगावर शेवटचा हात मारायला दोन हजारचा लागतो, पाण्यात भिजवून. एकशेवीसने दरवाजे घासतात. जे ज्ञान मला तीस वर्षं पगार देत होतं ते त्या काउंटरवर आठवलं नाही.

घासता घासता एक गोष्ट लक्षात आली. माझे तीन ओरखडे सोडून आणखी एक होता, जुना. टाळूच्या पुढच्या कडेला, बरोबर मधोमध, बारीक, पांढरा, बाणाच्या टोकासारखा. टूथपेस्टने तो हलला नव्हता, रिमूव्हरनेही नाही. हा शेठच्या हातून झाला असणार. म्हटलं, एवढं करतोच आहोत तर त्यांचंही एक काम उरकून टाकू, बघून खूश होतील. तो भलता चिवट निघाला. त्याच्यावर मी पाऊण तास घालवला. शेवटी गेला तेव्हा मी उठून चहा केला.

सोमवारी सकाळी काठीचं डोकं कसं दिसत होतं हे सांगत नाही. टोपरं घातलं आणि तुर्भे नाक्याकडे निघालो. तिथे रस्त्याच्या कडेला मोटरसायकलच्या टाक्या रंगवून देणारा एकजण बसतो. ओळीने टाक्या टांगलेल्या, लाल, निळ्या, ज्वाळांची चित्रं काढलेल्या. मी टोपरं काढलं.

“कुठल्या गाडीची टाकी?” त्याने विचारलं.

“गाडीची नाही. गोल्फची.”

“ही गाडी नाही बघितली. कितीची आहे?”

“चारशे साठ सीसी,” मी म्हणालो. खोटं नव्हतं.

त्याने पेंटची गन खाली ठेवली. “बुलेट साडेतीनशेची असते,” तो हळू आवाजात म्हणाला, आणि डोकं दोन्ही हातांनी वळवून बघितलं. “झाकण कुठाय?”

त्याला सगळं समजावून सांगायला चहा मागवावा लागला. पण माणूस कारागीर. ॲसिटोनने फुगलेला रंग त्याने खरवडून काढला, माझ्या एकशेवीसच्या खाचांत लांबी भरली, ती सुकल्यावर बारीक पेपरने पाण्याखाली घासली. बोट फिरवून खोलगट कुठे आहे ते बघायचा, डोळ्यांनी नाही. बोलताना भलतीकडेच बघत असायचा आणि अंगठा मात्र टाळूवरून फिरत असायचा, आंधळा माणूस ओळखीच्या पोराचा चेहरा चाचपतो तसा. मग करडा प्रायमर, मग काळा, मग वरून लॅकरचे दोन हात. मधल्या काळात सूचना चालू. “बाजूने रेडियमची पट्टी मारू?” नको. “नाव टाकू? ‘आई एकवीरेचा आशीर्वाद’?” मी म्हटलं, मालक गुजराती आहेत. “मग ‘जय जिनेंद्र’ टाकतो.” नको म्हणालो तर तो हिरमुसला. बुधवारी संध्याकाळी काठी हातात आली. सहाशे रुपये. आणि काय सांगू, पहिल्यापेक्षा सुंदर. त्यात मला माझा चेहरा दिसत होता, थोडा फुगीर, पण समाधानी.

गुरुवारी अर्धी रजा टाकून ग्रिपच्या दुकानात. ते काम पंधरा मिनिटांचं. आकड्यासारख्या वाकड्या पात्याने जुनं रबर उभं चिरायचं, केळीची साल काढावी तसं सोलायचं, खालची चिकटपट्टी खरवडायची, नवी दुतोंडी पट्टी लावायची, वर सॉल्व्हंट ओतायचं आणि ते ओलं आहे तोवर नवी ग्रिप एका दमात आत सरकवायची. मधे थांबलात तर तिथेच चिकटते. मी कौतुकाने बघत होतो. काम झाल्यावर दुकानदाराने काठी सरळ करून डोकं जमिनीवर टेकवलं, वरून बघितलं आणि गप्प बसला. मग पुन्हा बघितलं.

“हे कोणी केलं?”

“कंपनीकडून,” मी म्हणालो. एकतीस वर्षांतली पहिली खोटी नोंद.

“कंपनी मार्क पुसेल का? अलाइनमेंट मार्क कुठे गेला?”

मग त्याने मला शांतपणे, लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. गोल्फवाले काठीच्या डोक्याला माणसाच्या अंगाचे शब्द लावतात. चेंडू लागतो ते तोंड. दांडा शिरतो ती मान. दांड्याकडची बाजू टाच, पलीकडचं टोक म्हणजे पायाची बोटं. खेळाडू उभा राहतो तेव्हा त्याला वरून तोंड दिसत नाही, फक्त टाळू दिसते. म्हणून तोंडाचा मध्य कुठे आहे ते कळावं यासाठी टाळूच्या कडेला कंपनी एक छोटी पांढरी खूण करते. बाणासारखी. तिच्यासमोर चेंडू ठेवायचा. “लोक बाकी सगळीकडे ओरखडे पाडतात, त्याने काही होत नाही,” तो म्हणाला. “उपयोगाची खूण ही एवढीच.”

पाऊण तास. चहासुद्धा केला होता.

परतीच्या लोकलमध्ये वाशीचा पूल लागला तेव्हा ती काठी खाडीत टाकावी असा विचार माझ्या मनात येऊन गेला, आणि शेजारच्या बाईने आपलं पोर जरा पलीकडे ओढून घेतलं, म्हणजे तो चेहऱ्यावरही आला असणार. शुक्रवारी संध्याकाळी गाळे बंद झाल्यावर मी स्टेशनरीच्या दुकानात गेलो.

“व्हाइटनर आहे?”

“पेनवाला की बाटलीवाला?”

मला माहीत नव्हतं. मी आयुष्यात कधी घेतला नव्हता. पेनवाला घेतला, आणि तो खिशात ठेवताना आजूबाजूला बघितलं. जुने मेहताजी जाऊन बारा वर्षं झाली, तरी बघितलं.

गाळ्यात एकटा बसलो. दिवा लावला. खतावणीच्या पानावर काठीचं डोकं ठेवलं, पट्टी घेतली आणि मोजलं: एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साडेबारा सेंटिमीटर. निम्मे सव्वासहा. पेन्सिलीने टिंब केलं, दोनदा ताडून पाहिलं, उलट बाजूने मोजूनही सव्वासहाच आले. तेरीज जुळली. व्हाइटनरने बारीक बाण काढला, हात न थरथरता, सुबक. हिशेब लिहिणाऱ्याचं अक्षर चांगलं असतं. वर टोपरं घातलं आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा शांत झोपलो.

शनिवारी धाकटे शेठ आले. टोपरं काढून बघितलं, ग्रिप हातात फिरवली, म्हणाले, “काका, एकदम नवी केलीत!” मी नम्रपणे काहीतरी पुटपुटलो. त्यांनी व्हिएतनामहून माझ्यासाठी कॉफी आणली होती. ती घशाखाली उतरताना जरा कडू लागली, पण कॉफी कडूच असते.

रविवारी त्यांचे सगळे टोले उजवीकडच्या झाडीत गेले.

पुढच्या रविवारीही. सोमवारी केबिनमध्ये ते छत्रीने टोला मारून बघत होते. “काका, काय झालंय कळत नाही. चेंडू सरळ निघतो आणि मग उजवीकडे वळतो. रुमालात बांधून परत आणावा असा.” मी म्हटलं, हवा असेल. मे महिन्यात हवा असते. त्यांनी एक कोच लावला. कोचने पाय बदलले, खांदे बदलले, श्वास घ्यायची पद्धत बदलली. डोळे तपासून घ्या म्हणाला, तेही झालं. चष्म्याचं बिल माझ्याकडेच आलं. तिसऱ्या आठवड्यात निदान झालं. धाकटे शेठ आनंदाने धावत माझ्या टेबलाशी आले. “काका, कळलं! मी टाचेने मारतोय. दर वेळी अर्धा इंच टाचेकडे. टाचेला लागला की चेंडू उजवीकडे वळतो. सवय लागली आहे म्हणे, मोडायला वेळ जाईल.”

अर्धा इंच.

ते गेल्यावर मी पट्टी काढली आणि नुसतीच बघत बसलो. साडेबारा सेंटिमीटर. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. त्या एका कडेत काठीची मान होती. मान मोजायची नसते. तोंड मानेच्या पुढे सुरू होतं. गुणाकार, भागाकार, ताळा सगळं बिनचूक, फक्त सुरुवातीची शिल्लकच चुकीची धरली होती. आणि ते पोर, माझ्या सुबक अक्षरावर विश्वास ठेवून, दर रविवारी पहाटे पाचला उठून, चेंडू बरोब्बर माझ्या बाणासमोर ठेवत होतं.

सांगायचं ठरवलं. दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेलोही. एकदा आत मोठे शेठ होते. दुसऱ्यांदा धाकटे शेठ कोचशी फोनवर बोलत होते आणि म्हणत होते, “नाही नाही, काठी उत्तम आहे, आमच्या काकांनी स्वतः बघून आणली.”

काल कोचचं महिन्याचं बिल आलं. आमच्याकडे टॅली असली तरी व्हाउचर अजून हाताने लिहितो. शेठचा खाजगी खर्च म्हणजे ‘उचल खाते, धाकटे शेठ’, यात दुमत नाही, कोणताही सीए हेच सांगेल. मी तसं लिहिलं. रक्कम टाकली. मग पेन तिथेच थांबलं. बराच वेळ थांबलं. कागदावर शाईचा ठिपका मोठा व्हायला लागला.

मी ‘उचल खाते’वरून एक सरळ रेघ ओढली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं, ‘दुरुस्ती व देखभाल’. शेजारी सही केली आणि तारीख टाकली.